हिरव्या कपाशीतल्या लाल टोप्या

माझ्या नवऱ्याला गावात आंधळ्या म्हणायचे. आंधळ्याचं शेत, आंधळ्याची मोटारसायकल, आंधळ्याची पोरगी बारावी पास झाली. आणि नजर कशी, तर बांधावर उभं राहून लांबच्या रस्त्यावर अंबडची एसटी दिसली की तिच्या दारात किती जण लटकलेत तेही सांगायचे. हे नाव त्यांना मी दिलं. रागाच्या भरात, एका सकाळी, पंचवीस बायांपुढं. तो शब्द मला परत घ्यायचा होता आणि घेता आला नाही. बाकीचं जे सांगते ते हे कसं झालं एवढंच.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. हे, अहो, पोरीचे पप्पा, यावर सगळा संसार भागतो. लग्नात उखाण्यात मी ते एकदा घेतलं, तेही पदराआड. ज्या बाईनं नवऱ्याचं खरं नाव तोंडातून काढलं नाही, तिनं ठेवलेलं नाव मात्र गावभर झालं.

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. माहेरी भावजय म्हणायची, हिच्याशी बोलायचं तर आधी पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. सासरी आले तर नवरा एकदम उलटा. मी दहा वाक्यं बोलले की ते एक बोलणार, तेही निम्मं. याचा मला संताप यायचा. सकाळी अंघोळ करून, कुंकू लावून मी त्यांच्यापुढं उभी राहायची आणि विचारायची, कसं दिसतं? ते बघायचे, नीट बघायचे, आणि म्हणायचे, "रोजच्यासारखं." नवीन लग्न झालेल्या बाईला हे उत्तर. मी म्हणायची, भिंतीला विचारलं असतं तर बरं. ते हसायचे. पण मी विचारायचं सोडलं नाही आणि त्यांनी उत्तर बदललं नाही, तीसेक वर्षं.

आता मागं वळून बघते तर सगळं डोळ्यांपुढं होतं. बाजारात टोमॅटो घेताना ते एकेक टोमॅटो दाबून बघायचे. मी हातावर चापट मारायची, म्हणायची, पिकलाय का कच्चा ते दिसतंय की, दाबता कशाला, भाजीवाली शिव्या घालील. पेरू असला की नाकाशी न्यायचे. झाडावरची मिरची तोडायला लावली तर हिरव्या लाल सगळ्या एका पाटीत. मी म्हणायची, कामचुकारपणा. मोसंबीच्या बागेत मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फळ तळहातावर घ्यायचे, अंगठा फिरवायचे, वजन अजमावायचे, आणि सांगायचे की हे आज तोडा, हे आठ दिवस ठेवा. व्यापारी आले की त्यांनाच पुढं करायचे. पुढं पुढं गावात लोक म्हणायचे, आंधळ्याला मोसंबी बरी कळती. तेव्हा मीसुद्धा हसायची.

एकदा पंचमीला मी हिरवी साडी सांगितली. अंबडला एक मारवाडी शेठचं कापडाचं दुकान आहे, आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमचं कापड तिथलंच. हे गेले आणि विटकरी साडी घेऊन आले. मी म्हटलं, ही हिरवी? ते म्हणाले, आज शेठ दुकानात नव्हते, नोकर होता. मी म्हटलं, नोकर होता म्हणून काय झालं, तुमचे डोळे होते ना बरोबर? ती साडी मी कधी नेसले नाही, पेटीच्या तळाशी टाकली. पुढच्या वेळेपासून ते आधी शेठ दुकानात आहेत का ते फोन करून विचारायचे. मला वाटायचं, शेठ भावात दोन पैसे कमी करत असतील.

मग आला सीड प्लॉट. कपाशीच्या बियाण्याचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जालन्याच्या कंपन्या गावोगावी असे प्लॉट देतात. एका पट्ट्यात मादी झाडं, शेजारच्या पट्ट्यात नर झाडं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची. नखानं तिच्या पाकळ्या आणि परागाचे दाणे सोलून काढायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची इवलीशी टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणायचं, लाल टोपी काढून ते फूल त्या काडीला घासायचं आणि वर पांढरी टोपी घालायची. लाल म्हणजे राहिली, पांढरी म्हणजे झाली. ऊन चढायच्या आत एकही लाल टोपी राहता कामा नये, कारण राहिलेली कळी दोन दिवसांत सुकून गळते. हिरव्या कपाशीत उठून दिसावी म्हणूनच ती लाल. कंपनीच्या सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आंधळ्यालाही दिसेल.

पहिल्या वर्षी यांनी विहिरीकडची पट्टी स्वतःसाठी मागून घेतली. दुपारी कळ्या तेच सोलायचे, टोप्या तेच घालायचे, सकाळी फूलही तेच लावायचे. आम्ही बाया ओळीनं, गप्पा मारत काम करायचो, हे एकटे तिकडं. त्यांच्या पट्टीतली बोंडं आमच्यापेक्षा सरस निघाली. सुपरवायझर म्हणाला, दादांचा हात चांगला आहे. मला आतून बरं वाटलं, पण वरून मी म्हटलं, एवढं तरी जमलं.

दुसऱ्या वर्षी मी सहज त्यांच्या पट्टीत गेले आणि पाहिलं, तर झाडांची पानं फाडलेली. वाऱ्यानं नाही, किड्यानं नाही. प्रत्येक टोपीशेजारचं एक पान, टोकापासून मधल्या शिरेपर्यंत, नीट नखानं चिरलेलं. मी विचारलं, हे काय करून राह्यले? ते म्हणाले, असंच, हाताची सवय. मी सुपरवायझरला दाखवलं. मीच दाखवलं, तो बिचारा काही बघायला आला नव्हता. तो म्हणाला, पान फाटलं की झाडाला जखम होते, रोग शिरतो, हे बंद करा. झालं, मला जोर आला. मी त्याच दिवशी कामाची वाटणी बदलली. दुपारी सगळ्या पट्ट्यांतल्या कळ्या बाया सोलतील, यांनी दुपारी मोसंबीला पाणी द्यायचं आणि सकाळी येऊन त्यांच्या पट्टीत फक्त फूल लावायचं. ते म्हणाले, माझी पट्टी माझ्याकडंच राहू दे. मी म्हटलं, पानं फाडायला? ते परत एकदा म्हणाले, राहू दे ना. इतकं ते एरवी कधी कुठल्या गोष्टीसाठी बोलत नसत. मी ऐकलं नाही.

पाच दिवसांनी सकाळी सुपरवायझर विहिरीकडून चालत आला. त्याच्या ओंजळीत लाल टोप्या होत्या. त्यानं माझ्यापुढं ओंजळ धरली, म्हणाला, वहिनी, या दादांच्या पट्टीत खाली पडल्यात, आतल्या कळ्या सुकल्यात, आणखी किती झाडावर आहेत बघा. मी गेले. खरंच होतं. लाल टोप्या लागलेल्या, जशाच्या तशा, कुणी हात न लावलेल्या. एकीला पांढरी घातली तर शेजारच्या दोन सोडल्या. सुपरवायझर म्हणाला, असं झालं तर पुढल्या वर्षी कंपनी तुम्हाला प्लॉट देणार नाही. मागून बाया आल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. माझी लाज गेली असं मला वाटलं, आणि लाज गेली की मला सुचत नाही.

मी म्हटलं, "डोळे फुटले का तुमचे? हिरव्या झाडावर लाल कागद दिसंना? आंधळ्याला दिसल म्हन्ला होता हा माणूस. मंग तुम्ही त्याच्याहून आंधळे. माझ्या बापानं आंधळा बघून दिला मला."

बाया हसल्या. एक जण तर खाली बसून हसली. हे खाली वाकले आणि पडलेल्या टोप्या गोळा करायला लागले. आणि मला अजून आठवतं, ते टोप्या उचलत नव्हते, काळ्या मातीवरून तळहात फिरवत होते. कागद हाताला लागला की चिमटीत धरायचे, मग पुन्हा तळहात. टोप्या तर समोर पडलेल्या, लालभडक. मला वाटलं, नाटक करून राह्यलेत, मला चिडवायला. मी तिथून निघून आले.

दुपारपर्यंत ते नाव बायांबरोबर गावात गेलं. संध्याकाळी पारावर कुणीतरी हाक मारली, काय आंधळ्या, कपाशी दिसली का? आणि यांनी ओ दिली. तिथंच चूक झाली, चिडले असते तर ते नाव आठ दिवसांत मेलं असतं. पुढच्या वर्षी प्लॉट दुसऱ्याला गेला. त्याचं मला फार दुःख झालं नाही, काम कमरेचा काटा ढिला करणारं होतं. पण नाव राहिलं. पोरगी शाळेतून रडत आली, म्हणाली, मला आंधळ्याची म्हणतात. मी शाळेत जाऊन भांडले. ज्यांच्याशी भांडले त्यांना हे कुणी सांगितलं नाही की नाव ठेवणारी हीच. मनात बरेचदा आलं की एकदा यांना म्हणावं, मी त्या दिवशी बोलायला नको होतं. पण असं वाक्य माझ्या तोंडाला जमत नाही. असं मनात आलं की मी त्यांच्या आवडीचं वरण-बट्टी करायची आणि मला वाटायचं, समजलं असेल.

वर्षं गेली. पोरीचं लग्न झालं, ती जालन्यात गेली, जावई एमआयडीसीत कामाला. यांना रक्तदाब लागला, पाठोपाठ साखर. दोन गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांची नावं इंग्रजीत, त्यात मेडिकलवाला पाकीट मधूनच कापून देतो, म्हणून मी त्या सोडवून दोन सारख्या डब्यांत ठेवायची आणि रोज स्वतःच्या हातानं द्यायची. साखरेची हिरवी सकाळी, रक्तदाबाची लाल रात्री. त्यांनी हात पुढं करायचा, मी गोळी ठेवायची. त्यात कधी काही चुकलं नाही.

पोरीचं दुसरं बाळंतपण अडचणीचं होतं. डॉक्टरनं तिला जालन्यातच राहायला सांगितलं म्हणून मीच तिच्याकडं गेले, तीन आठवड्यांसाठी. जाताना यांना बजावलं, हिरवी सकाळी नाश्त्याआधी, लाल रात्री, उलटं करू नका. त्यांनी विचारलं, डब्यांवर काही लिहून ठेवती का? मी बॅग भरत होते. म्हटलं, लिहायचं काय त्यात, लाल आणि हिरवी, लहान लेकराला कळतं. ते बरं म्हणाले.

नवव्या दिवशी फोन आला की ते बागेत घाम येऊन पडले, जीभ जड झालीये, शुद्ध हरपत्येय. शेजारच्यांनी गाडीत घालून जालन्याला आणलं. साखर पार खाली गेली होती. सलाइन लागल्यावर दुपारपर्यंत ते बोलायला लागले. डॉक्टर तरुण होता, खुर्ची ओढून बसला आणि मला विचारलं, गोळ्या कशा घेत होते? मी सांगितलं, लाल आणि हिरवी. डब्या शेजाऱ्यांनी बरोबर आणल्या होत्या. त्यानं दोन्हीतली एकेक गोळी तळहातावर घेतली आणि यांच्यापुढं धरली, म्हणाला, काका, यातली लाल कोणती?

यांनी गोळ्यांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सांगा ना. ते म्हणाले, "न्हाई सांगता येत मला. पहिल्यापासूनच येत न्हाई."

डॉक्टरनं मग मला समजावलं. काही पुरुषांचं जन्मतःच असं असतं, आजार नाही, औषध नाही. लाल आणि हिरवं वेगळं करता येत नाही. यांच्यासारख्यांना तर लाल रंग काळपट, सावलीसारखा दिसतो. दोन्ही डब्या एकसारख्या, बहुतेक दिवस दोन्ही वेळेला साखरेचीच गोळी गेली असणार. हे सांगून तो गेला. मी उभीच. माझ्या डोळ्यांपुढं हिरवी कपाशी आली आणि तिच्यात त्या लाल टोप्या, पानांच्या सावलीत सावल्या. ते हळूच म्हणाले, पान मी त्यासाठी फाडायचो. फाटलेलं पान बराबर दिसतं. त्याच्या शेजारी चाचपलं की टोपी सापडती.

आता कुणी दुसरी असती तर तिनं त्या माणसाचा हात हातात घेतला असता. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत? तर एकोणिसाव्या वर्षापासून. मिलिटरीच्या भरतीला गेल्ते. सगळ्यात पास झाले, शेवटी एक पुस्तक उघडून रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला सांगितला. त्यांना नुसते ठिपके दिसले. तोवर त्यांना वाटायचं, सगळ्यांना असंच दिसत असणार, बाकीच्यांना नावं नीट पाठ झालीत आणि आपल्याला होत नाहीत. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, कुणापाशी बोलू नको, पोरगी देणार नाहीत. ते बोलले नाहीत.

"कुणालाच न्हाई सांगितलं?"

"शेठला सांगितलंय. साड्या घ्याव्या लागतात म्हणून."

"शेठला सांगितलं. आन् मला?"

त्यांनी सलाइनच्या नळीकडं बघितलं. मग म्हणाले, "तू बोलून दाखवलं असतं."

यात खोटं काही नव्हतं. मी बोलून दाखवलंच असतं. भांडणात काढलं असतं, पाहुण्यांत हसत हसत सांगितलं असतं. मला काहीच माहीत नव्हतं तेव्हाही मी त्यांचं नाव आंधळा ठेवलं होतं. खरं कळल्यावर मी काय केलं असतं याचा त्यांनी बरोबर अंदाज बांधला होता. आणि हेच मला सहन झालं नाही. एका कापडवाल्यावर भरोसा आणि बायकोवर नाही, हे एवढंच मी धरून बसले. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

अकरा दिवस. पोरगी तोवर सुखरूप बाळंत झाली होती, तिला सासूच्या हवाली करून यांना घरी आणलं, पथ्याचं केलं, गोळ्या वेळेवर हातावर ठेवल्या, पण तोंडानं एक शब्द नाही. त्यांनी लालच्या डबीला दोरा गुंडाळला आणि ती मला दाखवली, अशी कौतुकानं. मी बघून पुढं गेले. माझ्या वाटणीचा चहा करून ठेवला, मी तो गार होऊ दिला. सकाळी कुंकू लावून मी त्यांच्यापुढं उभं राहायचं बंद केलं, आरशाकडं तोंड करून लावायची आणि सरळ चुलीकडं. नवव्या का दहाव्या दिवशी मी तशीच आरशापुढं होते आणि ते मागं येऊन उभे राहिले. न विचारता बोलले.

"तुझं कुंकू मला काळं दिसतं. लग्नाच्या दिवसापासून. लोक लाल म्हणतात म्हणून मीबी म्हन्तो. पण मला ते काळंच बरं दिसतं तुला."

मला बोलायचं होतं. टोप्यांचं, मातीवरच्या तळहाताचं, त्या शब्दाचं, सगळं. पण दहा दिवसांचा ताठा एकदम कसा मोडायचा ते मला कळेना. मी करंडा बंद केला आणि म्हटलं मनात, उद्या बोलू. उद्याही नाही बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मोसंबीच्या बागेत गेले आणि तिथंच झाडाखाली गेले. हार्ट अटॅक. माझ्या मनात जे होतं ते मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, गोळ्यांचा याच्याशी बिलकुल संबंध नाही, ते होणारच होतं. मी मान हलवली. अजूनही कुणी विचारलं तर तेच सांगते.

त्यांना घरी आणलं तेव्हा मी ओसरीत भिंतीला टेकून होते. बाहेर अंगणात आमच्याच भावकीतला एक जण फोनवर गावोगावच्या पाहुण्यांना कळवत होता. तो ओरडून सांगत होता, अहो आंधळ्या गेला, आंधळ्या, कपाशीवाला. दुसऱ्याला पुन्हा तेच. मी उठले, बाया धरायला लागल्या, त्यांना ढकलून बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, त्यांना आंधळा म्हणू नका. तो गडबडला. फोन खाली घेतला आणि अगदी नरमाईनं, मला दुखवायचं काही त्याच्या मनात नव्हतं, म्हणाला, "वहिनी, तुम्हीच तर ठेवलेलं नाव हाय ते."

मी काय सांगणार होते त्याला? की त्यांना दिसायचं, फक्त लाल दिसत नव्हतं? दहा दिवस येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगत बसले. पानं का फाडायचे ते सांगितलं. टोमॅटो का दाबायचे ते सांगितलं. लोक ऐकायचे, अरेरे म्हणायचे, आणि एकमेकांत बोलायचे, म्हणजे आंधळा होताच की. मग मी पोरीला धरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून विचारलं, हा लाल तुला कसा दिसतो? ती म्हणाली, लाल दिसतो. मी म्हटलं, कसा लाल, सांग. ती म्हणाली, रक्तासारखा, मिरचीसारखा, कुंकवासारखा. मी म्हटलं, हे तर त्यांनाही पाठ होतं. नावं पाठ होती त्यांना सगळी. तुला जो दिसतो तोच मला दिसतो, कशावरून? पोरीला वाटलं, दुःखानं आईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं जेवायला वाढलं.

दहाव्याला नणंदेनं माझं कुंकू पुसलं. बांगड्या काढल्या, फोडल्या नाहीत, आता पहिल्यासारखं करत नाहीत. कपाळ धुतल्यावर आरशात बघायला मला धजेना. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी पेटी उघडली, तळाशी ती विटकरी साडी होती, घडी न मोडलेली. मी ती काढून खुंटीवर टाकली.

सव्वा महिन्यानं मला बँकेच्या कागदांसाठी अंबडला जायचं होतं. पोरगी आली होती सोबत न्यायला. तिनं पर्समधून टिकल्यांची दोन पाकिटं काढली. एक लाल, एक काळं. विधवा बाईनं लावलीच तर काळी लावावी, असं आमच्याकडं चालतं, म्हाताऱ्या त्याला हरकत घेत नाहीत. पोरगी म्हणाली, आई, लाल लाव तू. आता हे कोण मानतं? कुणी काही म्हणालं तर मी बघून घेईन. तिच्यात माझं तोंड आलंय.

मी म्हटलं, काळी दे. तिचे डोळे भरले. तिला वाटलं, आई हरली, लोकांना भ्याली. मी तिला समजावून सांगणार होते, पण एवढं बोलायचं त्राण नव्हतं. मी ती विटकरी साडी नेसले, काळी टिकली काढून कपाळावर, कुंकवाच्या जागी, बोटानं दाबली आणि महिन्याभरात पहिल्यांदा आरशात पाहिलं. त्यांनी मला लग्नाच्या दिवसापासून जशी पाहिली तशी मी होते. मी मागं वळले. मागं उंबरा होता आणि उघडं दार. तरी मी विचारलं, मोठ्यानं विचारलं, पोरगी दचकली.

"अहो, कसं दिसतं?"

मी थांबले, ते थांबायचे तेवढंच. मग उत्तरही मीच दिलं, रोजच्यासारखं, आणि पिशवी उचलून एसटी गाठायला बाहेर पडले.